मेश्राम मॅडम आणि टेबलाचे पाय

तुम्ही आत्ता ज्या खुर्चीत बसला आहात, ती बनवताना कोणाला बसवून बघितलं होतं? तुम्हाला तर नक्कीच नाही. मग कोणाला?

हा प्रश्न माझा नाही, मेश्राम मॅडमचा आहे. नारायण पेठेतल्या आमच्या कार्यालयात मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा सगळ्यांनी माझं तोंड पाहिलं. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, पन्नाशी उलटलेल्या मेश्राम मॅडम मात्र खाली वाकल्या आणि माझ्या टेबलाखाली डोकावल्या. "टेकतात," त्या म्हणाल्या. "पाय टेकतात तुझे. टिकशील तू इथं." आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

जुनी पुस्तकं संगणकावर उतरवून द्यायची, हे आमचं काम. टाइप करणाऱ्या सगळ्या बायका आणि मुद्रितं तपासणाऱ्या मॅडम. त्या मूळच्या नागपूरच्या. अर्धं आयुष्य पुण्यात काढूनही त्यांनी आपली बोली पेठेच्या हवाली केली नव्हती. मालक लिमये सर. अंगानं ताडमाड, स्वभावानं सरळ आणि तत्त्वाचे पक्के. कसब्यातल्या सुताराकडे स्वतः जाऊन, स्वतः बसून बघून त्यांनी सगळी टेबलं करून घेतली होती. स्वतःच्या केबिनमध्येही तसलंच. "आमच्याकडे भेदभाव नाही. मालकाला आणि नोकराला एकच टेबल," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

मी वाढले ते घर पत्रकांचं. आईवडील चळवळीतले, कॉटखाली गठ्ठे, जेवताना घोषणा. समतेचं नाव निघालं की माझे कान टवकारतात. सर मला एकदम आवडले आणि मी ते मॅडमना सांगितलं.

"समता आहे ना," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना सरांची उंची वाटून दिली. आता कोणाला घेताच नाही आली तर सर काय करतील बाप्पा?"

हजेरीसाठी चेहरा ओळखणारं यंत्र दाराशी होतं. तेही सरांच्या नाकासमोर येईल असं ठोकलेलं. मॅडम रोज त्याच्यापुढे उभ्या राहत आणि ते रोज "चेहरा दिसत नाही" म्हणे. एकदा मॅडमनी तिथूनच हाक मारली, "सर, याला माझा भांगच दिसते फक्त. भांगाची हजेरी लावून घेता, की मला उचलून धरता?" सरांनी दुसऱ्या दिवशी तिथे स्टूल ठेवलं. मॅडम स्टुलावर चढल्या, हजेरी लावली आणि उतरताना माझ्या कानात म्हणाल्या, "पाह्यलं का? यंत्र नाही उतरवलं, मलाच चढवलं. म्हणजे चुकलं कोण? मी."

मग आली स्मिता. धायरीची, नाजूक चणीची, कामाला तयार. पण उमेदवारीवर घेतलेली. कायम करायचं की नाही ते महिनाअखेरीस ठरणार होतं, आणि नोकरी सुटली रे सुटली की घरचे स्थळं बघायला टपलेले होते. तिची पानं मात्र इतरांपेक्षा कमीच व्हायची. सर तिच्या मागे उभे राहून म्हणत, "आपल्याला घाई नाही वाटतं?"

मॅडमनी टेबलाखाली डोकावलं. "का वो स्मिता, अशी लटकून काहून राहिली? खुर्ची आहे का झाडाची फांदी?"

"खुर्ची खाली घेतली तर खांदे कानाला लागत्यात, मॅडम. वर घेतली तर पाय लोंबत्यात. खांदा लई दुखतोय."

माझं रक्त तापलं. मी त्याच रात्री पत्रक लिहिलं, 'खांद्यांचा सवाल'. भरपूर प्रती छापून आणल्या आणि सगळ्या टेबलांवर ठेवल्या. सरांनी ते नीट वाचलं, लाल पेनानं त्यातलं शुद्धलेखन सुधारलं आणि "पुढच्या वेळी आधी मेश्रामना दाखवा" म्हणून परत दिलं. बाकी कोणी वाचलंच नाही.

"किती उरली?" मॅडमनी विचारलं.

"जवळजवळ सगळीच."

"झकास. गठ्ठा बांध चांगला घट्ट."

मी बांधला. मॅडमनी तो नेऊन स्मिताच्या टेबलाखाली ठेवला, पाय ठेवायला. मी उसळले. "मॅडम, तो विचार आहे!"

"हो ना. अन् पहिल्यांदाच कोणाच्या उपयोगी पडून राहिला."

अडचण स्मिताचीच झाली. "छापलेल्यावर पाय कसा ठिवू मॅडम? पाप लागंल." मॅडमनी जुना पडदा आणून गठ्ठ्याला गुंडाळला. "आता दिसते का छापलेलं? नाही ना? मग ठेव." स्मितानं चपला काढल्या, वाकून गठ्ठ्याला हात लावून नमस्कार केला आणि मग कुठे पाय टेकवले. थोड्याच दिवसांत तिचे खांदे खाली आले, पानं वाढली. चपला ती रोज काढायची.

आणि एक दिवस पडदा घसरला. सरांना गठ्ठा दिसला. "छापील अक्षरावर पाय? अहो, आपण पुस्तकांवर पोट भरतो!" गठ्ठा रद्दीत गेला. स्मिता पुन्हा लोंबकळू लागली. महिना संपत आला होता.

"गठ्ठा पायाखाली चालत नाही म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "ठीक आहे. मग टेबलाचेच पाय पाहू." सकाळी कार्यालय त्याच उघडत, त्यामुळे किल्ली त्यांच्याकडे असे. रविवारी त्यांनी कसब्यातून सुताराला बोलावलं. सोमवारी त्या ताठ रांगेत स्मिताचं टेबल तेवढं मांडी घालून बसल्यासारखं दिसत होतं.

सर केबिनमधून बाहेर आले. "मेश्राम! कार्यालयाच्या फर्निचरला करवत? आपल्याला इथे काम करायचं आहे की नाही?"

"करायचं आहे ना सर. पण एकदा बसून पाहा. तुमचाच नियम आहे, एकच टेबल सगळ्यांना. एक पान टाइप करा, मग मला काढा."

सर तत्त्वाचे. बसले. गुडघे आत जाईनात. पाय आडवे टाकले, पाठीचं धनुष्य केलं आणि टाइप करू लागले. सगळ्या कीबोर्डांचा आवाज थांबला होता. पान निम्मंही झालं नाही, तोच त्यांचा हात मानेकडे गेला. "हे टेबल चुकीचं आहे!"

"टेबल तर तेच आहे सर, सुतारही तुमचाच." मॅडमनी चष्मा पुसला. "तुम्हालाच घाई नसेल."

सर उठले. रागानं लाल झाले होते. मग, मी तरी पहिल्यांदाच पाहिलं, ते वाकले आणि शेजारच्या टेबलाखाली बघितलं. मग त्याच्या शेजारच्या. माझे सोडले तर सगळीकडे लोंबणारे पाय. कितीतरी वेळ ते तसेच वाकलेले होते.

चूक झाली असं ते म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली: 'टेबलाची उंची कमी करून हवी असल्यास कार्यालयीन वेळेत सांगावे. परस्पर करवत चालवू नये.' स्मिता कायम झाली. यंत्र खाली आलं. स्टूल सरांनी केबिनमध्ये नेलं, बहुधा लपवायला.

मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला निघाल्या तेव्हा सरांनी त्यांना आरामखुर्ची भेट दिली. मॅडम बसल्या. पाय लोंबले. सर घाईघाईनं म्हणाले, "माप घ्यायचं राहिलं होतं, म्हणून आधी बसवलं. सुतार खालीच उभा आहे."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा घसरला. "शिकले हो सर, शिकले!"

आता त्या व्हिडिओ कॉल करतात. माझा चेहरा दिसला की आधी म्हणतात, "फोन वर धर. मान काहून वाकवून राहिली?" कोणी कामात वाकडं दिसलं की आधी त्याचं टेबल बघायचं, माणसाला मग बोलायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं. माझ्या एकाही पत्रकात ते इतकं सोपं आलं नव्हतं.

म्हणून एक विनंती. उद्या कामावर गेलात की वाका आणि शेजारच्या टेबलाखाली बघा. कोणाचे पाय लोंबत असले तर तुमच्या हातातलं हे पुस्तक त्यांच्या पायाखाली द्या. चांगलं जाड आहे. त्यांना आधी नमस्कार करायचा असेल, चपला काढायच्या असतील, तर करू द्या. पाय मात्र टेकू द्या.