भंडारदऱ्याच्या बंगल्याला पडलेली खिडकी

मार्थाताई, माझी थोरली बहीण, गेली तेव्हा दाजी फोनवर पहिलं वाक्य बोलले ते हे, की कमानींचा बंगला बघायला लोक आलेत, ते गेले की मातीचं ठरवू. महिना होत आला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

दाजी जहाजावर आचारी होते. स्पेनमधल्या एका बंदरामागे त्यांनी कुणा जमीनदाराचं शेतघर पाहिलं आणि माणूस वेडाच झाला. परत येऊन भाताच्या खाचरांत हुबेहूब तसंच उठवलं. चुन्याच्या जाड पांढऱ्या भिंती, लाल कौलं, मधे कमानींनी वेढलेला चौक, चौकात कारंजं. साऱ्या खिडक्या चौकाकडे, बाहेरच्या भिंती कोऱ्या. तिकडे म्हणे उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून असं बांधतात. आमच्या अकोले तालुक्यात कसली आलीय झळ! पावसाळ्यात चारी बाजूंचं पाणी चौकात पडून कारंजं बुडायचं, भिंतींना बुरशी यायची.

ताई घरापुढच्या ओट्यावर वाढलेली. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, कोण आलं, जीपमधून कोण उतरलं, हे बघितल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. तिनं स्वयंपाकघराला बाहेरच्या बाजूनं एक खिडकी मागितली. जन्मात तेवढंच मागितलं. दाजी म्हणाले, "बाहेर काय बघायचंय? खाचरंच हायेत ना." पुढे गवंडी आला की ती पुन्हा विचारायची, आणि दाजी त्याच्यादेखत हसायचे. शेवटी तिनं बाहेरच्या भिंतीत धुरापुरत्या ठेवलेल्या उंचावरच्या झरोक्याखाली स्टूल ठेवलं. त्यावर टाचा उंचावून आवणीच्या बायकांना हाका मारायची. त्यांना तिचं नुसतं कपाळ दिसायचं, तरी हात वर करायच्या... त्याच स्टुलावरून ती पडली, खुबा मोडला, पुन्हा उठलीच नाही. खाटसुद्धा दाजींनी चौकाकडे तोंड करून लावली होती. संताप होतो माझा.

परवा मी बंगल्यावर गेले, तर स्वयंपाकघराची बाहेरची भिंत फोडून भली मोठी काच बसवलेली. खाचरं, त्यापलीकडे धरणाचं पाणी, सगळं लख्ख. बंगला आता पर्यटकांना भाड्यानं देणार आहेत. मी बघतच राहिले, तेव्हा दाजी म्हणाले, "पाव्हण्यांना व्ह्यू लागतो गं."

मग तिचं स्टूल फडक्यानं पुसून पुढे केलं, बस म्हणाले, इथून लई छान दिसतं. मी बसले. खाचरात आवणी चालली होती. एका बाईनं काचेकडे पाहून हात वर केला... माझा पुरता चेहरा दिसला, तशी हात खाली घेऊन पुन्हा वाकली.