गहू टाळत शिराळ्याला

साताऱ्याच्या स्टँडवर एस.टी. सुटायच्या आधी बायकोने मला पुन्हा विचारलं, "काय काय द्यायचं न्हाई?"

"पाव, बिस्कीट, चपाती, शेवया, रवा," मी सावधानमध्ये उभा राहून म्हणालो.

"आन् लाडू?"

"बेसनाचा चालंल, रव्याचा न्हाई."

"ध्यान ठेवा म्हंजे झालं," असं म्हणून तिने खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत दिलं.

मी लष्करात हवालदार, दोन महिन्यांच्या रजेवर आलेलो. आमची कुशी तेव्हा सहा वर्षांची. त्याआधी दोन वर्षं पोरीच्या पोटात काही ठरत नव्हतं. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा झाला होता. आजारी लेकरू म्हणून घरचे तिला जपून जपून गव्हाची लापशी आणि बिस्किटं भरवत होते, आणि ती आणखी वाळत होती. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की हा घोटाळा गव्हाचाच आहे. गहू जन्मभर बंद. ज्वारी, भात, काय हवं ते द्या. भाकरीवर पोरगी उभी राहिली. त्या वर्षी शिराळ्याच्या माझ्या बहिणीने, ताराने, नागपंचमीला येण्याचा हट्ट धरला होता. घरी म्हैस नुकतीच व्यायलेली, त्यामुळे बायकोला निघता येईना. कुशीला घेऊन मी एकटाच निघालो.

उंब्रजच्या अलीकडे शेजारच्या म्हातारीने कनवटीतून बिस्कीट काढून कुशीच्या हातावर ठेवलं. मी झडप घालून ते काढून घेतलं.

"आरं मुडद्या, लेकराच्या तोंडातलं काढून घेतोस व्हय?" म्हातारी ओरडली.

"मावशी, तिला गहू बाधतो."

"गहू? गहू कुनाला बाधतोय का कवा?"

अर्धी गाडी मागे वळून बघायला लागली. कंडक्टर आला. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ कुशीला विचारलं, "पोरी, हे कोन गं तुजं?"

कुशीने मला न्याहाळलं. तिच्या आठवणीत मी पोस्टातून येणारा माणूस. जरा विचार करून ती म्हणाली, "हे रजेवर आल्यात."

कंडक्टरने घंटेच्या दोरीला हात घातला. पुढे बसलेले दोन पैलवान उभे राहिले. तेव्हा कुठे कुशी सावकाश म्हणाली, "अण्णाच हायत माजे. पर घरी नसत्यात." सगळी गाडी हसली. म्हातारीने मात्र ते बिस्कीट माझ्या हातातून काढून पुन्हा कनवटीला लावलं.

कराडला गाडी बदलायची होती. मी चौकशीच्या खिडकीशी गेलो तेवढ्यात बाकावरचं गाठोडं एका शेळीने सोडलं. परत आलो तर तिच्या तोंडात शेवटची भाकरी आणि कुशी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसलेली.

"अगं, हाकलायची न्हाई का?"

"तिला भूक लागल्याली."

आता स्टँडवर खायला काय, तर मिसळ-पाव, पाव-भजी आणि पुरी-भाजी. गव्हाशिवाय काहीच नाही. शेवटी बाहेरच्या गाड्यावर चिरमुरे आणि गूळ मिळाला. पुढच्या गाडीत आम्ही दोघांनी एकाच कागदातून खाल्लं. कोयनेचं तांबडं पाणी काठ सोडून पसरलं होतं. पुढे दोन्ही अंगांना ऊस, आणि शिराळ्याच्या बाजूला वळल्यावर डोंगरावर ढग टेकलेले. कुशी पहिल्यांदाच माझ्या दंडाला रेलून झोपली.

पंचमीला शिराळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओवाळत होत्या आणि घरोघरी मडक्यांतून नाग येत होते. ताराच्या दारात एकाने फणा काढला, तेव्हा मी, सरकारचा हवालदार, ओट्यावर चढलो. कुशी खालीच उभी राहून टाळ्या वाजवत होती.

खरी लढाई पानावर झाली. त्या दिवशी तिथे तवा चुलीवर चढत नाही. पानात भात होता, पण मान दिंडांचा (पुरण भरून उकडलेल्या गव्हाच्या घड्या). ताराच्या सासूने, आत्याबाईंनी, तुपात बुडालेलं दिंड कुशीच्या पानात वाढलं.

"आवं आत्याबाई, तिला नको," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण निम्मा.

"नागोबाचा परसाद हाय. परसाद बाधत न्हाई."

तारा माझ्याकडे बघेना. आसपासच्या बायका बघत होत्या. कुशीच्या काड्यांसारख्या हातांचा बायकोने पाठवलेला फोटो माझ्या डोळ्यांसमोर आला. मी पान ओढून घ्यायला हात पुढे केला, एवढ्यात कुशी म्हणाली, "आज्जी, मी खाते. पर रातच्याला तुमच्याच वाकळंत झोपणार."

"झोप की, बाळा."

"मला परसाकडं लागलं की उठायला येळच मिळत न्हाई."

आत्याबाईंचा हात थांबला. वाकळ नवीन होती, त्यांनी स्वतः शिवलेली. दिंड पानातून मुकाट्याने उचललं गेलं. "तारे," त्या कडाडल्या, "तांदळाचं पीठ काढ! उकडीत पुरन भर!"

तासाभराने कुशीने तांदळाची तीन दिंडं खाल्ली. दुपारपासून आत्याबाई तिच्यामागे काठी घेऊन हिंडत होत्या. कुणी शेजारीण जवळ आली की त्या लांबूनच ओरडायच्या, "हातातलं दावा आधी! गव्हाचं न्हाई न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात मी टमरेल घेऊन निवडुंगाच्या कुंपणाकडे पाठ करून पहाऱ्यावर उभा होतो. "अण्णा," कुशीने हाक मारली, "बघा!" मी बघितलं. मन निवलं.

संध्याकाळी साताऱ्याच्या स्टँडवर बायको उभी होती. बहीण कशी आहे, नाग किती निघाले, काही नाही. तिने पोरीच्या पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"सकाळी एकदा," मी म्हणालो. "घट्ट. रंग पिवळा. तक्रार न्हाई."

बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली, ती थांबेचना. मी आजवर पुष्कळ साहेबांना रिपोर्ट दिले. इतकं कान देऊन कुणी ऐकलं नव्हतं, आणि एवढ्या महत्त्वाचं माझ्याकडे सांगायलाही काही नव्हतं.