आजीच्या अंगाची ऊब

थंडीतल्या एका सकाळी आरोग्य केंद्राच्या आशाताई वीटभट्टीवरच्या झोपडीत बाळंतिणीला भेटायला गेल्या, तेव्हा तिचं बाळ गार पडलं होतं. आजीने रीतीप्रमाणे त्याला नुकतीच आंघोळ घातली होती. आशाताईंसोबत आलेला मी दारात उभा होतो.

आशाताईंनी बाळाचे तळवे चाचपले आणि दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. आई तापाने फणफणली होती, तिला उठून बसवतही नव्हतं.

"कुणीतरी बाळाला उघड्या छातीशी धरायला हवं. बापाला बोलवा."

"सोयर फिटल्याबिगर बाप शिवत नसतो लेकराला," आजी म्हणाली.

"मग तुम्ही धरा, मावशी."

"मी? माझी हाडं टोचतील की त्याला!"

"टोचू द्या. ऊब आहे ना अंगात?"

आजी भिंतीकडे तोंड करून बसली. तिने चोळीची गाठ सोडली, बाळाला छातीशी घेतलं आणि वरून लुगडं गुंडाळलं.

बाहेर भट्टी पेटलेली होती. हजारो विटा भाजणाऱ्या त्या आगीजवळ या बाळाला नेता येत नव्हतं. त्याला माणसाच्या अंगाइतकीच ऊब हवी होती. आयुष्यभर विटा वाहून वाळलेल्या त्या देहात ती अजून तेवढीच होती, नेमकी लागेल तेवढी. आपल्याजवळ असं काही आहे, हे आजीला त्या सकाळपर्यंत कुणी सांगितलं नसावं.

लुगड्याची घडी हलली. पुन्हा हलली.

गाडी आली तेव्हा बाळ मोठ्याने रडत होतं. आजी त्याला तसंच छातीशी धरून सुनेच्या मागोमाग गाडीत चढली.