शैलाताईच्या सतरंज्या

माझ्या मोठ्या बहिणीला महारोग झाला होता.

आमच्या घरात हे वाक्य कोणी कधी मोठ्याने म्हटलं नाही. आज तिचा स्मृतिदिन. मी म्हणते.

तिचं नाव शैला. नागपूरहून ड्रॉइंगचा डिप्लोमा करून देवळीच्या मुलींच्या शाळेत टीचर झाली. शाळेतून आली की ओट्यावर बसून स्केच करायची. म्हैस, पाणी भरणाऱ्या बाया, भांडी घासणाऱ्या आईची पाठ.

शहात्तर साल असेल. मी मॅट्रिकला होते. ताईने चुलीवरचा भाताचा गंज नुसत्या हाताने उतरवला. वास आला म्हणून मी पाहिलं.

"ताई, तुया हात जळून राह्यला."

ती हाताकडे बघत राहिली.

"मले तर काहीच नाई लागलं."

वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, औषध आहे, घरी राहून घेता येतं, बरी होईल. आमच्या वडिलांनी, बाबूजींनी, यातलं फक्त आजाराचं नाव ऐकलं.

आधी तिचं ताट वेगळं झालं. मग अंथरूण. मग ती गोठ्याशेजारच्या खोलीत गेली.

दादाचं लग्न जमत आलं होतं. माझं व्हायचं होतं. एका सकाळी बाबूजी तिला पहिल्या बसने घेऊन गेले आणि वर्ध्याजवळ कुष्ठरोग्यांच्या एका संस्थेत सोडून आले.

निघताना ती मला एवढंच म्हणाली, "माये ब्रश धुऊन ठेवजो."

बाबूजींनी परत आल्यावर ब्रश, कागद, सगळं परसात नेऊन जाळलं. मी दारात उभी राहून बघत होते.

गावात सांगितलं, शैला जबलपूरला नोकरीला लागली.

चार वर्षांनी माझं लग्न झालं. तिला कळवलं नाही. पाहुण्यांनी विचारलं, तर आई म्हणाली, सुट्टी नाही भेटली तिले.

सासर वर्ध्यातच मिळालं. ताई सायकलने जाता येईल इतक्या जवळ होती. तरी मला जायला दोन वर्षं लागली. सासूबाईंना सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते.

ताई मागावर बसली होती. उजव्या हाताची बोटं आत वळलेली. पेन्सिल धरता येत नव्हती, म्हणून ब्रश तळहाताला चिंधीने बांधला होता.

"आली? बैस. जपून, खाली रंग सांडला आहे."

जणू मी कालच येऊन गेले होते.

रोग कधीच बरा झाला होता. बोटं तेवढी परत आली नव्हती. तिथले दशरथबुवा जुने विणकर, स्वतःही रुग्ण. त्यांनी तिला सतरंजी विणायला शिकवलं होतं. पण ताईला पट्टे आणि चौकटी पुरेनात. ती मागावर ताणलेल्या पांढऱ्या उभ्या धाग्यांवर आधी चित्र रंगवायची. ते सुकलं की आडवा धागा विरळ भरत जायची, चित्र झाकू नये म्हणून. विणताना उभे धागे किंचित सरकत, आणि चित्रातल्या माणसांच्या कडा पाण्यात बघितल्यासारख्या हलत.

दशरथबुवा मला म्हणाले, "पोरी, सतरंजी बसाची चीज आहे. तुया बहिणीच्या सतरंजीवर पाय ठेवाले भेव वाटते."

ताईने एक उलगडली. मांडव, पंगत, बोहल्यावर नवरी. नाक माझंच.

"तुले कोणं सांगतलं?"

"देवळीचा एक जण औषधाले येते इथं."

"यात तू कुठं आहेस?"

"मले कुठं बोलावलं होतं?"

रागाने नाही बोलली. वारा कोणत्या दिशेला आहे, असं विचारावं तसं.

नागपूरचे एक चित्रकार तिच्या तीन सतरंज्या प्रदर्शनाला घेऊन गेले होते. भिंतीवर लावल्या. नाव विचारलं, तर ताईने लिहू दिलं नाही. खाली चिठ्ठी लागली, 'एक रुग्ण'.

"काऊन नाई सांगतलं नाव?" मी विचारलं.

"बाबूजीच्या पंगतीले कोणी बसन का मंग?"

निघताना तिने ती लग्नाची सतरंजी घडी करून माझ्यापुढे धरली.

मी घेतली नाही.

सासूबाई विचारतील, म्हटलं. खरं म्हणजे मला त्या सतरंजीला हात लावायची भीती वाटली. बीए झालेली होते मी.

ताईला कळलं. "राहू दे. पुढच्या वेळी नेजो."

पुढची वेळ चार वर्षांनी आली, तिच्या मरणाची खबर घेऊन. मधे माझी दोन बाळंतपणं झाली. हे कारण म्हणून सांगत नाही.

पायाला जखम झाली होती. पाय बधिर, तिला कळलीच नाही. विष अंगभर गेलं.

अग्नी दशरथबुवांनी दिला. दोन्ही मनगटांच्या मधे टेंभा धरून. मी लांब उभी होते, पदर पुढे ओढून, कोणी ओळखू नये म्हणून.

सतरंज्यांबद्दल विचारलं. तिने स्वतःच विकायला दिल्या होत्या, बाकीच्या मालाबरोबर. कुठे गेल्या, कोणाला ठाऊक नव्हतं.

देवळीला जाऊन आईला सांगितलं. ती पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी उतरवली, मग विचारलं, "जवळ कोण होतं तिच्या?"



आईने दहा दिवस देवापुढे दिवा लावला नाही. शेजारणींना म्हणाली, माहेरचं सुतक आहे.

आता आई नाही, बाबूजी नाहीत.

ताईवर पेपरात लिहिते आहे, हे मी दादाला कळवलं होतं. काल त्याचा फोन आला. त्याच्या नातीचं लग्न जमून राह्यलं. "लिहाचं तर लिही, पण आजाराचं नाव काढून टाक," म्हणाला. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. नाव काढलेलं नाही. दादा, तुला राग येईल. येऊ दे.

माझ्या मुलांनाही आजच कळेल की त्यांना एक मावशी होती.

ती शैला. देवळीची. चित्रकार.

ताई, बहिणीची श्रद्धांजली घे. फार उशीर केला मी.