बारावा आलेला इळा

गफूरभाईंच्या लोहारकामाच्या भात्यापुढे मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा त्यांनी मला माल दाखवला नाही, माझा हात मागितला. आखाडा बाळापूरच्या बाजारात मी तेव्हा पोतं अंथरून कारखान्यातले इळे विकत असे. पुस्तकात विळा म्हणतात, आमच्याकडे इळा. गफूरभाईंच्या दातेरी इळ्यांचं नाव ऐकून दोन डझन उचलावेत म्हणून गेलो होतो.

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"विकायला."

"ते ऐकलं. हात कुणाचा?"

त्यांनी माझ्याच मुठीभोवती सुताचा धागा फिरवला, गाठ मारली आणि खिळ्याला टांगला. भिंतभर असे धागे होते, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. पांढरा धागा उजव्या हाताचा, लाल डावखुऱ्याचा. डावखुऱ्यासाठी धार आणि दात्यांचा कल ते उलट्या बाजूनं काढतात. इळा तयार झाला की ज्याचा त्याचा धागा मुठीला बांधायचा, गिऱ्हाइकानं येऊन सोडायचा, ही त्यांची वहिवाट. दोन डझन मला मिळाले नाहीत. माझ्या मापाचा एक मिळाला, तो अजून आहे.

गफूरभाईंच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरव अंकात त्यांच्या कारागिरीबद्दल पुष्कळ लिहून येईल. पण बाळापुरात त्यांच्याविषयी एक गोष्ट हसत हसत सांगतात, तिचं काय? देवानं मला शिक्षण बेताचं दिलं, कान मात्र चांगले दिले. स्टँडवर, हॉटेलात, सलूनमध्ये मी ती ऐकली आहे. "गफूरमियाँनी मासिकाच्या परीक्षेला इळा पाठवला अन् बारात बारावा आला!" ही गोष्ट खोटी आहे. गफूरभाईंनी इळा पाठवलाच नव्हता. कुणी पाठवला हे मी सांगू शकतो, कारण तो मी पाठवला होता.

त्या वर्षी शेतीच्या एका मासिकानं बारा ठिकाणचे इळे मागवले. एकच शेत, तेच गडी, प्रत्येक इळ्यानं लवकर आलेलं सोयाबीन कापायचं आणि नंबर लावायचे. मी हायवेला नवं दुकान टाकलं होतं, गफूरभाईंचा इळा पहिला येणार याची मला खात्री होती. ते मात्र ढिम्म हलेनात.

"बारा इळे एकाच गड्याच्या हातात देऊन राहिले. ह्यात परीक्षा गड्याची हाय, इळ्याची न्हाई."

बोलता बोलता मी त्यांना पुण्याची गंमत सांगितली. माझे जावई तिथे गोल्फच्या सामानाच्या दुकानात आहेत. काठीनं चेंडू मारत लांबच्या भोकात घालायचा, असा तो खेळ. जावई सांगत होते की त्या काठ्या करणाऱ्या काही कंपन्या मासिकांच्या तुलनेला माल देतच नाहीत.

"काहून?" गफूरभाईंचा हातोडा थांबला.

"माणसाची उंची, मनगट, मारायची ढब बघून काठी बेततात म्हणे. मासिकवाले तीच काठी दहा जणांच्या हातात देतात अन् सरासरी काढतात."

"बराबर हाय! म्हंजे मी एकटाच येडा न्हाई."

"पण चाचा, मालात खोट असली तरी लोक पाठवत न्हाईत. तुमाला त्याच्यातच धरतील."

"धरू द्या. खोटवाला गिऱ्हाइकाचं तोंड चुकवतो. मी तं हात धरून ठेवतो."

पण माझी हाव सुटेना. ते नमाजाला गेले असताना मी खिळ्यावरचा एक लखलखीत इळा उचलला. पार्सलात बरा दिसावा म्हणून मुठीचा धागा तोडून फेकला आणि गफूरभाईंच्या नावानं पाठवून दिला. धागा लाल होता. धंद्यात इतकी वर्षं काढून मी रंग पाहिला नाही.

मासिकाचा अंक आला. 'हातात वळतो, पीक कापत नाही, ओरबाडतो. क्रमांक बारावा.' सुगी तोंडावर आलेली, आणि स्टँडवर तो अंक मोठ्यानं वाचून चाललेला. मी तसाच भात्याकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. शिव्यांची तयारी ठेवली होती. गफूरभाईंनी एवढंच विचारलं,

"नंबर गेला तं गेला. कौसाबाईचा इळा कुठंय?"

कौसाबाई पुसेगावच्या. माहेर बाळापूरचं, म्हणून इळा इथूनच नेतात. बाई डावखुऱ्या, त्यांचं सोयाबीन कापणीला आलेलं, इळा मासिकाकडे अडकलेला, आणि माप तर मी उकिरड्यावर टाकलेलं. गफूरभाई लगेच उठले. गुडघे दुखत असताना एसटीनं पुसेगावला गेले, मागून मान खाली घालून मी.

कौसाबाई वावरातच भेटल्या. "काहून चाचा, धागा हरपला व्हय?"

"हरपला, बेटी. माझ्याच हातून."

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा हात दाबला. बाईंनी मूठ पुढे केली. बाराव्या नंबराची बातमी पुसेगावातही पोचली होती. "अन् त्या मासिकवाल्याईला म्हणा, माझ्या दोन ओळी डाव्या हातानं कापून दाखवा. मंग लावा नंबर!" वावरातल्या बाया खो खो हसल्या. गफूरभाईही हसले. त्या वर्षी मला हसू आलं ते तेवढंच.

मी मासिकाला चूक कळवली. संपादक भले होते. उजव्या हाताचा इळा पाठवा, पुन्हा कापून बघू, निकाल छापू, असं त्यांचं पत्र आलं. मी धावत गेलो. "चाचा, नाव धुऊन निघतं!"

"एकदा तुमच्या चुकीनं हरलो. आता मुद्दाम जिंकू? जिंकलो तं त्याईची परीक्षा खरी ठरली."

"मंग मी बाजारात सांगतो, माझी चूक म्हणून."

"तुमचं दुकान नवं हाय. माझं नाव जुनं हाय, त्याला काय होत न्हाई."

आणि त्यांनी मला गप्प बसवलं. इतकी वर्षं ती हसणी त्यांनी स्वतःच्या नावावर झेलली. आता माझं दुकान जुनं झालं आहे, तेव्हा त्यांची आज्ञा मी मोडतो. या अंकाच्या समितीनं माझ्याकडे त्यांच्या पुरस्कारांची यादी मागितली होती. यादी नाही. तो बारावा क्रमांक आहे, तो छापा, माझ्या नावासकट छापा. अंक निघेल त्या दिवशी मी दुकानावर फळा लावणार आहे: 'बारावा आलेला इळा बाळापुरातच, गफूरभाईंकडे. हात सोबत न्यावा.' ज्यांना हसायचं त्यांनी माझ्या दारात येऊन हसावं.

गफूरभाईंना निरोगी शंभरी लाभो. गुडघ्यांची तकलीफ कमी होवो, भिंतीवर नव्या धाग्यांना खिळे अपुरे पडोत. आणि पुढे कधी कुणी नमुना मागायला आलाच, तर त्यांचं ते "न्हाई" हायवेवरच्या माझ्या दुकानापर्यंत ऐकू येईल, इतका त्यांचा आवाज खणखणीत राहो.