रागीट माणसाला कांदा जास्त

अक्का, आणि पोटासाठी चहूकडे पांगलेल्या माझ्या सगळ्या भावंडांनो,

आई गेल्यावर मी अण्णांना वसईला घेऊन निघाले, त्या सकाळी तुमच्यातले बरेच जण अंगणात होते. अण्णा जीपमध्ये पुढे बसले. अक्कानं भाकऱ्या बांधून दिल्या, तर म्हणाले, "मला काय वनवासाला धाडताय?" गाडी कोरेगाव सोडून पुढे गेली तरी त्यांनी मान वळवली नाही. मागच्या काचेतून मीच बघत राहिले.

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सहाव्या मजल्यावर अण्णांना सगळ्याचाच राग यायचा. लिफ्टचा, पिशवीतल्या दुधाचा, शेजाऱ्यांच्या बंद दारांचा आणि सगळ्यात जास्त कुकरचा. "शिट्टी झाली की जेवायचं! ही काय गिरणी हाय?" गावाकडे आईची आमटी चुलीवर निवांत रटरटायची, तिच्या वासानं भूक लागायची. इथं भूकच लागेना. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची चतकोर. रात्री आमच्या खोलीत महेश मला हळूच म्हणाला, "त्यांना परत पोहोचवू या का?" अक्का, तुझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मग तिथं त्यांना करून कोण घालणार?

मी वसईतल्याच पापडी भागातल्या एका शाळेत शिकवते. तिथल्या रेजिना टीचरनी माझा उतरलेला चेहरा पाहिला आणि रविवारी आम्हाला जेवायलाच बोलावलं. त्यांचे यजमान सांतानकाका. सगळी नोकरी ग्रीक जहाजांवर आचारी म्हणून केली, आता केळीची वाडी बघतात. जेवायची वेळ झाली तशी काकांनी जवळच्या बेकरीतून मातीचं मडकं आणलं. सकाळचे पाव निघाले की भट्टीत धग उरते. चर्चमधल्या मिस्साला जाताना मडकं त्या धगीत ठेवायचं आणि जेवताना काढायचं. झाकण कणकेनं बंद केलेलं. आत काबुली चणे, भरपूर कांदा, ऑलिव्ह ऑइल, तमालपत्र. वरून लिंबू. ग्रीसच्या कुठल्याशा बेटावर एका म्हातारीनं त्यांना हे शिकवलं होतं.

अण्णांनी घास घेतला. "आळणी हाय," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र खूश. "जहाजावर मी माणसाचा स्वभाव बघून मडकं लावायचो. कॅप्टन तापट, म्हणून त्याला कांदा दुप्पट. गोड लागतं, माणूस निवतो. इंजिनिअर सारखा काळजीत, त्याला लिंबू कमी. घरच्या आठवणीनं रडणाऱ्याला त्याच्या घरचा मसाला. पुढच्या रविवारी तुमचं मडकं लावतो."

पुढच्या रविवारी अण्णा माझ्या आधी आंघोळ करून तयार! मला वाटलं, काका तिखट घालतील. कसलं काय! मडक्यात चण्यांपेक्षा कांदाच जास्त.

"मी काय तुमचा कॅप्टन हाय?" अण्णा कडाडले.

"आहातच की," काका शांतपणे म्हणाले.

वाढता वाढता रेजिना टीचरचा हात थांबला. आणि अण्णा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा, खदखदून, ठसका लागेपर्यंत. "आता माझं मडकं मीच लावतो," म्हणाले.

तिसऱ्या रविवारी त्यांनी कांदा-लसूण मसाला आणि भाजलेलं खोबरं घालून मडकं लावलं. कुणी कितीही बोलावलं तरी बेकरीसमोरच्या बाकावरून उठले नाहीत. भट्टीवाल्याला आपल्या चुलीची गोष्ट सांगत बसले. जेवताना काकांच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. आणि अण्णा? ते काकांच्या आळणी मडक्याचा तळ पावानं पुसून खात होते.

आता दर रविवारी निदान दोन मडकी लागतात. महेशला रस्सा पातळ. माझ्या वाटणीत गुळाचा खडा, कारण "तू लई इचार करतीस." अण्णा पुन्हा दोन भाकऱ्यांवर आलेत.

परवा जत्रेला ते गावी गेले, तेव्हा अक्का, तुझा फोन मी शाळेच्या स्टाफरूममध्ये घेतला. "अगं, पारावर बसून सगळ्यांना 'आमच्या वसईत असं, आमच्या वसईत तसं' सांगतायत! तिकडचेच झाले की गं!" तू हसत होतीस, पण तुझा आवाज थोडा कापला. मी तुझं बोलणं रेजिना टीचरना सांगितलं, आणि तास सुरू होईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. डोळे पुसायला एक रुमाल पुरला नाही.

अक्का, त्यांनी गाव सोडलं असं मनात आणू नकोस. तिथं तू त्यांच्यासाठी ताट वाढून थांबतेस. इथं रविवारी जरा उशीर झाला की सांतानकाकांचा फोन येतो, "कॅप्टन निघाले का?" दोन ठिकाणी त्यांच्यावाचून जेवणं खोळंबतात. मला तरी घर म्हणजे आता एवढंच कळतं.

तुम्हीही या सगळे. फक्त आदल्या दिवशी कळवा, चणे रात्रभर भिजवावे लागतात.