गोळ्या वाढल्या

आमच्या सासूबाई, मनकर्णाबाई, गेल्या तेव्हा दहाव्याला जो तो उठून सांगत होता, "साक्षात अन्नपूर्णा होती!" मी नुसती मान डोलावत होते. मी पडले सून. अन्नपूर्णेच्या स्वयंपाकघरातली भांडी कुणी घासली, ते मला चांगलं ठाऊक होतं.

शहरात गुलमंडीमागच्या गल्लीतलं आमचं घर म्हणजे वैजापूरकडच्या लोकांची धर्मशाळाच. कुणाचं ऑपरेशन असो, कोर्टाची तारीख असो, की पोरीसाठी स्थळ बघायचं असो, पिशवी आधी आमच्या ओट्यावर टेकायची. आत्याबाई (आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात) पहाटे आंघोळ करून माळ ओढायच्या, शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीला जायच्या, आणि रोज देवाला नैवेद्य दाखवला की दारात जाऊन उभ्या राहायच्या. परक्याच्या पोटात चार घास गेल्याशिवाय स्वतः ताटावर बसायच्या नाहीत. पाहुणा नसला तर शेजारच्या टेलरला ओढून आणायच्या. तो बिचारा दोन घरची जेवणं जेवून हैराण.

आणि त्यांच्या तोंडी 'संपलं' हा शब्द नव्हता. भरल्या घरात असं बोलू नये म्हणे. पीठ संपलं की "पीठ वाढलं", बांगडी फुटली की "बांगडी वाढली". लग्नानंतर "तेल वाढलंय" असं त्या म्हणाल्या, तेव्हा भरपूर असेल म्हणून मी निवांत बसले होते. सगळं घर मला हसलं.

त्यांच्या हृदयाचे ठोके मधेच बिघडत. त्यासाठी रोजची एक गोळी होती. ती मीच आणून द्यायची. बाकी चुकलं तर चालेल, ही गोळी चुकवायची नाही आणि जास्तही घ्यायची नाही, असं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या पोळ्या लाटता लाटता कलंडल्या. मी धावले. ओठ निळसर पडलेले, छातीत पक्षी फडफडावा तसं काहीतरी हाताला लागत होतं. माझे मिस्टर राजेंद्र वाळूजला कंपनीत, शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये. कोपऱ्यावरचा रिक्षावाला म्हणाला, "भाभी, बैठो जल्दी, मैं निकालता गर्दी में से." त्यानं खरंच निकाललं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं मशीनचा कागद पाहिला आणि आत्याबाईंच्या कानाशी वाकून विचारलं, "आजी, ठोक्यांची गोळी रोज घेता ना?"

"गोळ्या वाढल्या, बाबा," आत्याबाई पुटपुटल्या आणि त्यांचे डोळे मिटले.

"वाढवल्या? म्हणजे जास्त घेतल्या!" तो ताडकन वळून नर्सला काहीतरी सांगू लागला.

"नाही हो डॉक्टर!" मी ओरडलेच. "आमच्याकडं वाढल्या म्हणजे संपल्या."

"कधी संपल्या?"

मी बोटांवर दिवस मोजले. पाकीट मी नुकतंच आणलं होतं. ते इतक्यात संपायला नको होतं. मग संपलं कसं? विसरून विसरून दिवसातून तीनतीनदा घेतल्या असतील तर डॉक्टरचंच खरं होतं.

"ताई, नीट ऐका," तो म्हणाला. "ही गोळी जास्त झाली तरी ठोके असेच बिघडतात आणि बंद पडली तरी असेच. जास्त झाली असेल आणि मी तेच औषध सुईतून दिलं, तर आजी हाती लागायच्या नाहीत. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायला वेळ नाही. घेतल्यात की नाही घेतल्या, एवढंच सांगा."

मशीन वेडंवाकडं वाजत होतं, मधेच थबकत होतं. मला त्या क्षणी आत्याबाईंचा भयंकर राग आला. आयुष्यभर हे शब्द असे झाकूनपाकून बोलायचे, आणि जीवावर बेतलं तरी सरळ बोलायचं नाही! माळ ओढताना त्या जो हात वापरायच्या तो मी गच्च धरला. मनात म्हटलं, ही बाई पोथीतला शब्द विसरायची नाही, ती गोळी विसरेल? आणि घरात एखादी वस्तू अशी भराभर वाढते कधी? पाहुणे असले की.

पाहुणे होतेच. गावाकडच्या कडुबामामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणून ते आणि त्यांची बायको भागूबाई आमच्याकडं मुक्कामाला होते. भागूबाईंना बीपी. चक्कर येते म्हणून त्या सारख्या भिंत धरायच्या.

मी वाकून विचारलं, "आत्याबाई, कुणाला वाढल्या?"

पापण्या हलल्या. "भागूबाईला. तिच्या गोळ्या गावाकडंच ऱ्हायल्या ना... ताटासंगं वाढत व्हते रोज."

"आणि तुम्ही?"

"उरल्या न्हाईत."

डॉक्टरनं पुढचं ऐकलंच नाही. सुई तयार झाली, पडदा ओढला गेला, मला बाहेर काढलं. बाहेर मी आधी भागूबाईंना फोन केला, "ती गोळी आता घेऊ नका, असाल तशा इकडं या." त्या आल्या, तपासल्या गेल्या, सुदैवानं त्यांना काही झालं नव्हतं. "मला काय ठावं, बीपीची म्हनून दिली तिनं," म्हणत त्या पायरीवर बसून रडत राहिल्या.

संध्याकाळी मशीनचा आवाज एका लयीत आला आणि मला आत सोडलं. मी ठरवलं होतं की ओरडायचं नाही. ओरडलेच.

"मेला असतात ना! स्वतःची गोळी कुणी दुसऱ्याला देतं का?"

"ती पाव्हनी व्हती, करुणा," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "मी काय, घरचीच."

"घरच्या माणसाला जीव नसतो का?"

"आसतो की. पर घरचं मानूस मागून जेवतंय."

पुढं त्या दीड वर्ष जगल्या, गोळ्या मी माझ्या कपाटात ठेवल्या, आणि त्यावरून त्यांनी माझ्याशी अबोलाही धरला. पण त्या संध्याकाळी मी त्यांच्या उशाशी बसले. नुसती रडत राहिले. कारण एवढ्या वर्षांत सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर, तळाची भाजी घेऊन, मागून जेवायला समोरासमोर बसणाऱ्या आम्ही दोघीच होतो, आणि त्यांतली एक मला एकटीला टाकून उठायला निघाली होती.